सर्व्हर डाऊन नव्हता, पत्ता चुकला होता

मंडळी, पोस्ट मोठी आहे आणि विषय रुक्ष आहे, आधीच सांगून ठेवतो. पण घरपट्टी भरता ना? मग पैसे तुमचेच आहेत. वाचावं लागेल.

गेल्या महिन्यात आपल्या पालिकेचं संगणकाचं काम अकरा दिवस बंद होतं. जन्म-मृत्यूचे दाखले बंद, घरपट्टी बंद, नळपट्टी बंद, बांधकाम परवानगीची खिडकी तर नुसतीच उघडी. दारावर कागद चिकटवलेला, "सर्व्हर डाऊन असल्याने कामकाज बंद आहे, सहकार्य करावे." मी चौथ्या दिवशी गेलो तेव्हा वाडीवरून आलेल्या एक आजी बाकावर बसलेल्या होत्या. नवऱ्याचा मृत्यू दाखला हवा होता, त्याशिवाय बँक खात्याला हात लावू देत नव्हती. ती त्यांची तिसरी खेप. एसटीचं भाडं, दुपारचं जेवण, शेजारणीच्या पोराची रोजंदारी बुडाली ती वेगळी. कारकून बिचारा सांगत होता, "आजी, सर्व्हर डाऊन आहे, आमच्या हातात काही नाही."

आता यातली गंमत ऐका. सर्व्हर डाऊन नव्हताच.

झालं होतं असं की रेकॉर्ड रूममधलं जुनं मशीन काढून पालिकेचा डेटा दुसऱ्या ठिकाणच्या नव्या मशीनवर नेला. चांगलंच केलं. जुन्या मशीनवर पावसाचं पाणी गळत होतं, त्याचे फोटो मीच टाकले होते. नवं मशीन पहिल्या दिवसापासून चालू होतं. डेटा शाबूत होता, एकही नोंद गेली नव्हती. फक्त आपले सगळे प्रोग्राम जुन्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवत होते. कारण नव्या घराचा पत्ता त्यांना कुणी सांगितलाच नव्हता, आणि सांगायची एक जागाही नव्हती. घरपट्टीच्या प्रोग्रामात पत्ता वेगळा लिहिलेला, नळपट्टीच्या वेगळा, दाखल्यांच्या वेगळा. एकेका प्रोग्रामात दहा-दहा ठिकाणी. एजन्सीचा मुलगा चहाच्या टपरीवर भेटला, डोळे लाल झालेले. म्हणाला, "काका, रात्रभर शोधतोय अन् बदलतोय. एक बदललं की दुसरीकडे अडकतंय." त्या पोराचा दोष नाही. त्याने ते लिहिलंही नव्हतं, लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला.

इथपर्यंत मी गप्प बसलो असतो. चुका होतात. पण येत्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका हातात आली आणि डोकं फिरलं. त्यात एक विषय आहे, भाषा मूळचीच देतो: "डेटाबेस जोडणी व नाव-निर्देशिका प्रणाली नव्याने विकसित करणे, जादा काम म्हणून मंजुरी देणे." नऊ मनुष्य-महिने धरलेत. रक्कम विषयपत्रिकेत आहे, नगरसेवकांकडून मागून बघा. एका प्रभागातली गटारं त्यात बांधून होतील, एवढंच सांगतो.

म्हणजे ज्यांनी पत्ता शंभर ठिकाणी लिहून ठेवला, तेच आता म्हणतात की पत्ता एका ठिकाणी ठेवायची युक्ती आम्ही शोधून काढतो, त्याचे वेगळे पैसे द्या.

मी काही संगणकवाला नाही. डिप्लोमा पत्रकारितेचा, आयुष्य बातम्यांत गेलं. म्हणून पुण्याच्या भाच्याला फोन लावला, तो हेच काम करून पोट भरतो. विषयपत्रिकेतली ओळ वाचून दाखवली. आधी हसला. मग म्हणाला, "मामा, हे नव्याने विकसित करायचं म्हणजे गावात नळ असताना नदीपासून पाइप टाकण्यासारखं आहे. तुमच्या प्रोग्रामांत ते आधीच आहे. वापरलं नाही, एवढंच." मला पटेना. मग त्याने तासभर समजावलं, पुढे आठवडाभर मी स्वतः कागदपत्रं वाचली. जे समजलं ते साध्या भाषेत लिहितो. जाणकारांनी चूक दिसली तर खाली दुरुस्त करावी, मी मजकूर बदलेन.

तुमच्या मोबाइलमध्ये गॅसवाल्याचा नंबर "गॅस" या नावाने ठेवलेला असतो. नंबर बदलला तर एकदाच बदलता. घरातल्या प्रत्येक भिंतीवर, प्रत्येक कॅलेंडरवर, मुलांच्या वहीवर तो नंबर लिहून ठेवलात तर बदलताना काय होईल? आपल्या पालिकेत झालं तेच.

प्रोग्रामला डेटाबेसकडे जायला पाच गोष्टी लागतात. कुठलं मशीन, त्यावरचा कुठला दरवाजा (त्याला पोर्ट म्हणतात, पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसचा सहसा ५४३२, मायएसक्यूएलचा ३३०६), कुठला डेटाबेस, वापरणाऱ्याचं नाव आणि पासवर्ड. शहाणा माणूस या पाचही गोष्टी प्रोग्रामात लिहीत नाही. प्रोग्रामात फक्त एक नाव लिहितो, समजा "घरपट्टी". त्या नावामागे कोणतं मशीन आणि कोणता पासवर्ड हे बाहेर एका निर्देशिकेत असतं. प्रोग्राम निर्देशिकेला विचारतो, "घरपट्टी कुठे आहे?" ती तयार जोडणी हातात देते. मशीन बदललं? निर्देशिकेतली एक ओळ बदला, प्रोग्राम पुन्हा सुरू करा, संपलं. मी भाच्याला विचारलं, असं असतं तर आपले अकरा दिवस किती झाले असते? म्हणाला, "डेटा हलवायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. बाकी चहा प्यायला."

ही युक्ती आजची नाही. आपले प्रोग्राम जावा या भाषेत लिहिलेत, हे कार्यादेशातच आहे. जावा बनवणाऱ्या सन कंपनीने नावावरून वस्तू शोधून देणारी ही सोय १९९० च्या दशकातच बनवली. तिचं नाव जावा नेमिंग अँड डिरेक्टरी इंटरफेस, बोलताना जेएनडीआय. २००० साली आलेल्या जावा १.३ पासून ती भाषेच्या मूळ संचातच मिळते. डेटाबेसची जोडणी या नावांतून घ्यायची पद्धतही त्याच काळातली, तिला डेटासोर्स म्हणतात. आणि आपले प्रोग्राम ज्याच्यावर चालतात ते टॉमकॅट? ते अपाची फाउंडेशनचं, मुक्त स्रोत. १९९९ मध्ये सनने मूळ कोड अपाचीला देऊन टाकला, तेव्हापासून जगभरातली माणसं ते सांभाळतायत. टॉमकॅटच्या पोटात ही नावनिर्देशिका अख्खी लिहिलेली आहे. तिचा कोड उघडून वाचता येतो. सेटिंगच्या फाइलमध्ये "रिसोर्स" म्हणून काही ओळी टाकायच्या आणि प्रोग्रामात पत्त्याऐवजी नाव लिहायचं, एवढंच काम.

म्हणजे विषयपत्रिकेत जी वस्तू "नव्याने विकसित" करायची आहे, ती पालिकेच्या मशीनवर आज या क्षणी पडून आहे. पैसे न देता आलेली, वीस वर्षांहून जास्त काळ वापरून घासली-पुसलेली.

बरं, कुणी म्हणेल आमचे काही प्रोग्राम जावात नाहीत. ठीक. डेटाबेस पोस्टग्रेस आहे ना? कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात १९८६ मध्ये त्याचं मूळ काम सुरू झालं, तेही मुक्त स्रोत. पोस्टग्रेसशी बोलणाऱ्या प्रोग्रामांसाठी त्याच्यासोबत एक लायब्ररी येते. तिला "सर्व्हिस" नावाची एक साधी फाइल कळते: नाव लिहा, त्याखाली पत्ता लिहा. त्याहून मोठा पसारा असेल तर तीच लायब्ररी एलडॅप नावाच्या निर्देशिकेला पत्ता विचारू शकते, फक्त ती सोय धरून बनवलेली असली पाहिजे. एलडॅप म्हणजे निर्देशिकेशी बोलायची ठरलेली भाषा, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मिशिगन विद्यापीठात तयार झाली. ती भाषा बोलणारं ओपनएलडॅप नावाचं सॉफ्टवेअर १९९८ पासून खुलं मिळतंय. तेही घ्या, लावा, वापरा.

एलडॅपचं नाव काढलंच आहे तर दुसरी गोष्ट सांगतो, ती पत्त्याहून गंभीर आहे. मागच्या वर्षी माझ्याच घरपट्टीच्या पावतीवर ज्या कर्मचाऱ्याचं नाव छापून आलं ते साहेब निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं. घोटाळा नव्हता. खिडकीवरच्या नव्या मुलाला स्वतःचा लॉगिन मिळालाच नव्हता, तो साहेबांच्याच नावाने बसत होता. असं का होतं? प्रत्येक प्रोग्रामात माणसांची यादी वेगळी आहे. माणूस बदलला की सात ठिकाणी नाव काढायचं आणि सात ठिकाणी घालायचं, मग कुणीच ते करत नाही. यादी एका निर्देशिकेत असती तर निवृत्तीच्या दिवशी एक खूण केली की सातही दारं बंद. पोस्टग्रेस स्वतः वापरणाऱ्याचा पासवर्ड एलडॅपकडून तपासून घेऊ शकतं. म्हणजे डेटाबेसचं दारही त्याच यादीवर चालतं. उद्या खरंच घोटाळा झाला आणि पावतीवर निवृत्त माणसाचं नाव निघालं तर पोलीस कुणाला पकडणार, याचा विचार सभागृहाने करावा.

आणि पासवर्ड. प्रोग्रामात लिहिलेला पासवर्ड प्रोग्रामासोबत फिरतो. पेनड्राइव्हवर, लॅपटॉपवर, नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या मेलमध्ये. गावातल्या प्रत्येक घराची मालकी आणि प्रत्येक बाळाची नोंद ज्या डेटाबेसात आहे त्याचा पासवर्ड आज किती जणांकडे आहे, हे मुख्याधिकारी सांगू शकतील का? मी विचारलं. "एजन्सीला विचारून सांगतो" म्हणाले. एजन्सीला! आपल्या घराची किल्ली किती लोकांकडे आहे हे कुलूपवाल्याला विचारायचं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर टॉमकॅटच्या त्या सेटिंगच्या फाइलमध्येही पासवर्ड साध्या अक्षरांतच असतो. ती काही जादूची तिजोरी नाही. पण ती एकच फाइल असते, पालिकेच्या मशीनवर असते, कोण उघडू शकेल ते ठरवता येतं आणि पासवर्ड बदलायला प्रोग्राम फोडावा लागत नाही. शंभर ठिकाणी सांडलेल्यापेक्षा एका ठिकाणी ठेवलेलं राखणं सोपं, हे आपल्या घरातल्या बायकांना सांगावं लागत नाही.

आणखी एक फायदा, तो मार्चमध्ये दिसेल. ३१ मार्चला घरपट्टीच्या खिडकीवर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. सगळं अडकतं. आपल्या प्रोग्रामात प्रत्येक पावतीला डेटाबेसशी नवी जोडणी उघडली जाते, काही बंदच होत नाहीत. पोस्टग्रेस मुळात १०० जोडण्यांपर्यंतच परवानगी देतं, सेटिंग बदललं नाही तर. शंभर भरल्या की पुढच्याला दार बंद. टॉमकॅटच्या निर्देशिकेतून जोडणी घेतली की मागे रिक्षा स्टँड असतो. वीस रिक्षा उभ्या, भाडं सोडलं की परत स्टँडवर, पुढच्याला तीच. हा स्टँडही आयता मिळतो, अपाचीचाच. आपल्याकडे काय, प्रत्येक प्रवाशाला नवी रिक्षा विकत घेतो आणि वापरून रस्त्यातच सोडून देतो. मग ट्रॅफिक जाम झाल्यावर मोठं मशीन घ्यायचा ठराव येतो. तोही येईल बघा.

आता विरोधी बाजू. मी एजन्सीच्या साहेबांशी बोललो, त्यांचं म्हणणं टाळणं बरोबर नाही. ते म्हणाले, "फुकटच्या कोडची जबाबदारी कोण घेणार? आणि हेच जेएनडीआय २०२१ मध्ये जगभर फुटलं होतं. तुम्ही पत्रकार आहात, लॉगफोरजे माहीत असेल."

माहीत नव्हतं. वाचलं. आणि साहेब अर्धंच बोलले.

लॉगफोरजे हे अपाचीचंच सॉफ्टवेअर. प्रोग्रामात काय-काय घडलं याची नोंद ठेवायची, एवढंच त्याचं काम. आपल्याकडचा आवक नोंदवहीचा कारकून समजा. आलेल्या पत्राची नोंद करायची, संपलं. २०१३ मध्ये या कारकुनाला कुणीतरी जास्तीचा अधिकार दिला. नोंद करताना मजकुरात एखादं निर्देशिकेतलं नाव दिसलं तर त्याने ते शोधून आणायचं. सोय म्हणून दिला. डिसेंबर २०२१ मध्ये जगाला कळलं की बाहेरचा कुणीही पत्रात लिहू शकतो, "अमुक पत्त्यावर जा, तिथे मिळेल ते घेऊन ये," आणि कारकून खरंच जातो, आणलेलं इमारतीच्या आत चालूही करतो. धोक्याच्या मोजपट्टीवर त्याला दहापैकी दहा मिळाले. जगभरच्या कंपन्यांची झोप उडाली. नाव पडलं लॉगफोरशेल.

पण चूक नेमकी कुठे होती? निर्देशिका असण्यात नव्हती. बाहेरच्या कुणाही माणसाने लिहिलेलं नाव निर्देशिकेत शोधायला नोंदवहीच्या कारकुनाला पाठवलं, त्यात होती. घरपट्टीचा प्रोग्राम आपल्याच मशीनवरच्या फाइलमध्ये "घरपट्टी" हे आपणच लिहिलेलं ठरलेलं नाव शोधतो, त्याचा याच्याशी काय संबंध? कुणीतरी कुऱ्हाड मारून घेतली म्हणून लाकडं दाताने तोडायची का?

आणि पुढचं साहेबांनी सांगितलंच नाही. ही चूक अलिबाबा कंपनीच्या सुरक्षा विभागातल्या माणसाने शोधून अपाचीला कळवली. ज्यांनी ती दुरुस्त केली ते बहुतेक स्वयंसेवक, आपली नोकरी सांभाळून रात्री काम करणारे. डिसेंबर संपायच्या आत २.१५, २.१६, २.१७ अशा एकामागून एक दुरुस्त आवृत्त्या बाहेर आल्या. २.१६ मध्ये तर तो जास्तीचा अधिकार मुळातच बंद करून टाकला. सगळं उघड्यावर, कुणालाही तपासता येईल असं. आपल्या एजन्सीने हाताने लिहिलेल्या कोडात अशीच चूक असेल तर ती शोधणार कोण? चीनमधला कुणी येऊन आपल्या नळपट्टीचा कोड वाचणार आहे का? तो कोड तर पालिकेलाही बघायला मिळत नाही. मी माहितीच्या अधिकारात मागितला होता, "व्यावसायिक गोपनीयता" असं उत्तर आलं. पैसे आपले, गोपनीयता त्यांची.

तरी साहेबांच्या बोलण्यातला एक भाग खरा आहे आणि तो मान्य करतो. फुकट म्हणजे बिनकष्टाचं नव्हे. टॉमकॅट जुनंच ठेवलं, दुरुस्त्या लावल्याच नाहीत, तर मुक्त कोडही कुजतो. लॉगफोरजेच्या वेळी दुरुस्ती फुकट उपलब्ध असताना महिनोन्महिने न लावणारे जगभर सापडले. तेव्हा पैसे द्यायला माझा विरोध नाही. जुळणीला द्या. दर तीन महिन्यांनी दुरुस्त्या लावायला द्या. पालिकेच्या संगणक अभियंत्याला शिकवायला द्या (पद आहे, माणूस दोन पालिकांत वाटलेला आहे, तोही एक विषय). जे आहे ते पुन्हा लिहायला मात्र देऊ नका.

अजून एक सवलत एजन्सीला देतो. डेटाबेसची जातच बदलत असती, किंवा आतले तक्ते बदलत असते, तर नुसतं नाव-निर्देशिकेने भागलं नसतं, प्रोग्रामांत खरंच हात घालावा लागला असता. तसं असतं तर मी ही पोस्ट लिहिली नसती. पण हस्तांतरणाचा अहवाल मी पाहिलाय. डेटाबेस तोच, आवृत्ती तीच, तक्ते तेच. बदललं ते फक्त मशीन आणि त्याचा पत्ता. प्रोग्रामांतले पत्ते काढून तिथे नाव घालायचं काम शिल्लक आहे, ते एकदा करावंच लागेल. भाच्याच्या अंदाजाने एका माणसाचं काही आठवड्यांचं काम. मी त्याच्या शब्दावर जाऊ नका म्हणेन, तो माझा भाचा आहे. दोन त्रयस्थ माणसांकडून अंदाज घ्या. पण नऊ महिने आणि काही आठवडे यांतलं अंतर कुणीतरी सभागृहात समजावून सांगायला हवं.

कायद्याचं म्हणाल तर केंद्र सरकारने २०१५ मध्येच मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण काढलंय. त्यात पुरवठादारांनी मुक्त स्रोताचा पर्याय विचारात घ्यावा, आणि तो न घेतल्यास कारण द्यावं, असं आहे. ते केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, राज्यांनी स्वीकारायचं की नाही ते राज्यांवर सोडलंय. तेव्हा पालिकेला ते आपोआप बांधील आहे असं मी म्हणणार नाही. पण निविदेत तशी एक ओळ घालायला पालिकेला कुणी अडवलंय? त्याच वर्षी केंद्राने सरकारी पैशातून बनलेल्या प्रोग्रामांचा कोड खुला करून एकमेकांनी वापरावा असंही धोरण काढलं. विचार करा, राज्यातल्या प्रत्येक पालिकेची घरपट्टी जवळपास सारख्याच नियमांनी चालते. आणि प्रत्येक पालिका तेच-तेच पुन्हा लिहून घेते, पुन्हा पैसे देते, पुन्हा तीच चूक विकत घेते.

शासनाला हे तत्त्व कळत नाही असंही नाही. पंचायती राज मंत्रालयाची स्थानिक स्वराज्य संस्थांची एक निर्देशिका आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीला, पालिकेला, जिल्ह्याला तिथे एक क्रमांक असतो. नाव बदललं तरी क्रमांकावरून ओळख राहते. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. ज्यांनी आपल्या प्रोग्रामात क्रमांक ठेवला होता त्यांनी यादीतलं नाव बदललं आणि मोकळे झाले. ज्यांनी प्रत्येक पानावर "उस्मानाबाद" टंकून ठेवलं होतं ते किती दिवस शोधत बसले असतील याची कल्पना करा. गावाच्या नावाचं जे, तेच डेटाबेसच्या पत्त्याचं. दिल्लीत कळतं ते आपल्या विषयपत्रिकेत का कळू नये?

मग एजन्सी हे का करते? त्या पोरांना अक्कल नाही म्हणून? अजिबात नाही. बिल मनुष्य-महिन्यांवर निघतं. आयतं घेतलं तर महिने कमी, लिहून काढलं तर महिने जास्त. आणि एकदा पत्ता, पासवर्ड, जोडणी सगळं एजन्सीच्या स्वतःच्या कोडात अडकलं की दुसरी एजन्सी आणायची तर सगळं पहिल्यापासून. टॉमकॅट कुणीही ओळखतो, ओपनएलडॅप कुणीही चालवतो. "आमची स्वतःची नाव-निर्देशिका प्रणाली" मात्र फक्त यांनाच येते. पुढच्या पाच वर्षांचं वार्षिक देखभाल कंत्राट इथेच पक्कं होतं. त्यांचा धंदा आहे, ते करणार. अडवायचं काम सभागृहाचं आहे, आणि सभागृहाला हा विषय कळणार नाही या भरवशावरच तो "जादा काम" म्हणून शेवटून दुसऱ्या क्रमांकावर टाकलाय. शेवटच्या दोन विषयांना आपल्याकडे काय होतं ते पत्रकार कक्षातून मी गेली कित्येक वर्षं बघतोय. जेवणाची वेळ झालेली असते.

आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना, ताई असोत की भाऊ, सभेच्या आधी फोन करा. तांत्रिक बोलू नका, एवढंच विचारा: टॉमकॅटमध्ये असलेली निर्देशिका का वापरता येत नाही, याचं लेखी कारण एजन्सीने दिलंय का? नव्या कामाचा कोड पालिकेच्या मालकीचा राहणार का, आणि तो मुक्त परवान्याखाली बाहेर टाकणार का? आजचा डेटाबेस पासवर्ड कधी बदलला होता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे, पण ते मुख्याधिकाऱ्यांच्या तोंडून नोंदीत यायला हवं.

मी स्वतः तिन्ही प्रश्न लेखी दिलेत, पोचही घेतलीय, खाली फोटो जोडतोय. सभा गुरुवारी सकाळी अकरा वाजता, जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर. प्रेक्षक कक्ष सगळ्यांना खुला असतो, ओळखपत्र सोबत ठेवा. आजींचा दाखला बाराव्या दिवशी मिळाला, बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सांगितलं.